जनरेटर गेल्यावर

छपरावर सोलारची पॅनेलं बसली आणि वहिनी-दादांचं भांडण बंद पडलं. घरातलं भांडण बंद पडावं म्हणून लोक काय काय उपाय करतात! इथे ते आयतं बंद पडलं होतं, म्हणजे वहिनीने सुखाने झोपायला हवं होतं. पण तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. बसलं की उठावंसं वाटे आणि उठलं की कुठे जावं कळत नसे.

त्या दोघांचा शाळेचे शर्ट शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका भिंतीला शिलाईच्या मशीन, समोरच्या भिंतीला काज-बटण आणि इस्त्री, आणि अगदी टोकाला कापणीचं मोठं टेबल. टेबलामागे प्लायची भिंत होती. तिच्या पलीकडे मागची खोली, जिथे कापडाचे ताके उभे असत. आणि मागच्या खोलीला चिकटून पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर.

वीज रोज जायची. ती गेली की जनरेटर खोकत खोकत सुरू व्हायचा आणि मग शेजारच्या बाईला काही सांगायचं तर तिच्या कानात तोंड घालावं लागायचं. नेमक्या त्या वेळी वहिनीला आणि दादांना मागच्या खोलीत काहीतरी काम निघायचं. दोघं आत जायची, दार लोटायची आणि जनरेटरच्या वरताण आवाजात भांडायची. नणंदेच्या घरचं कार्य, मुलीचं कॉलेज, दादांची भीड, वहिनीचा तोरा, सगळं तिथेच निघायचं आणि तिथेच मिटायचं. घरी सोय नव्हती. घरी सासूबाई होत्या, त्यांना भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू यायची, आणि पुस्तक उघडं ठेवून कान टवकारणारी मुलगी होती. त्यामुळे चारचौघांत हे जोडपं म्हणजे आदर्श. कारखान्यातल्या बायका घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या, आणि ते नवरे दादांच्या नावाने बोटं मोडायचे.

सोलारचा हट्ट वहिनीचाच. दादा म्हणाले होते, ‘‘अगं, ढग आले की काय करशील? छपरावर जाऊन फुंकर मारशील?’’ पण वहिनीने सोलारवाल्या पोराला समोर बसवून त्याचं डोकं खाल्लं होतं. तो चष्मा पुसत म्हणाला, ‘‘काकू, तुमचं काम दिवसाचं आणि ऊनही दिवसाचं. ज्या वेळी तुम्हाला वीज लागते त्याच वेळी ती छपरावर तयार होते. यापेक्षा सोयीचा धंदा मला तरी माहीत नाही. ढग आले तर बाहेरची वीज आहेच, आणि ती गेली तर बॅटरी आहे.’’ वहिनीला एवढंच ऐकायचं होतं.

आणि खरोखरच कारखान्याचं रूप पालटलं. बिल बघताना दादांच्या कपाळाला पडणारी आठी दिसेनाशी झाली. पूर्वी वीज गेली की सुई अर्ध्या टाक्यात अडकायची, धागा तुटायचा, इस्त्री थंड व्हायची. ते सगळं गेलं. शर्टांना डिझेलचा वास येतो म्हणून एका शाळेने गठ्ठा परत केला होता, तीच शाळा आता वेळेवर माल मिळतो म्हणून जास्त माल मागायला लागली. पॅनेलांची सावली पडल्यामुळे पत्राही पूर्वीसारखा तापेना. दादा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला छपराकडे बोट दाखवून सांगायचे, ‘‘मी म्हटलं, करून टाकू एकदाचं.’’ वहिनी शेजारी उभी राहून ऐकायची. एरवी याबद्दल तिने त्यांना मागच्या खोलीत चांगलं सोलून काढलं असतं.

पण आता मागच्या खोलीत काय बोलणार? जनरेटर एका ट्रकवाल्याने नेला होता आणि शेडमध्ये तेलाचा काळा डाग तेवढा उरला होता. पॅनेलं बसल्यावर पहिल्यांदा वीज गेली तेव्हा सोलारवाला तिथेच होता. त्याने भिंतीवरच्या जुन्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. तो दिवा थेट बाहेरच्या विजेवर होता. दिवा विझला होता आणि मशीन चालूच होत्या. बायकांनी टाळ्या पिटल्या. वहिनीनेही पिटल्या. या टाळ्या आपल्याला महाग पडणार हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

कारण नेमक्या त्याच सुमाराला तिला मास्तरांच्या हाताची थरथर दिसली होती.

मास्तर म्हणजे कापणीचे मास्तर. दादांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. दादांच्या हातात पहिली कात्री त्यांनीच दिली. कापडाचे थर अंथरायचे, खडूने आखायचं आणि ती जडशीळ कात्री घेऊन सरळ निघायचं, हे काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. त्यांना ऐकू कमी यायचं. वहिनी लग्न होऊन नवी नवी कारखान्यात यायला लागली त्या वर्षापासूनच त्यांचे कान गेले होते, आणि सगळे म्हणायचे, जनरेटरशेजारी उभं राहून दुसरं काय होणार! त्यांच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. गंमत म्हणजे टोकाच्या मशीनची सुई बोथट झाली की ते मान न वळवता म्हणायचे, ‘‘सुई बदल गं.’’ त्यांना टेबलाच्या हादऱ्यावरून कळतं, असं काजवाली सगळ्यांना समजावून सांगायची. काजवालीला सगळंच समजावता यायचं.

शिवणकामात एक बाई चुकली तर एक शर्ट चुकतो. कापणीत हात चुकला तर थरच्या थर चुकतो. आधी एका गठ्ठ्यात बाह्या तोकड्या निघाल्या, मग खिसे तिरके आले. बायकांनी ओढूनताणून निभावलं, कुणी ब्र काढला नाही. पण वहिनीने मास्तरांना खडूने रेघ मारताना पाहिलं. ते डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरून रेघ मारत होते.

आता हे दादांशी बोलायचं कुठे? घरी तिने हळूच विषय काढला तर सासूबाईंनी आतून विचारलं, ‘‘कुणाचा हात?’’ कारखान्यात तिने दादांना जिन्यापाशी गाठलं, तर ते म्हणाले, ‘‘श्श, बायका ऐकतील. नंतर बोलू.’’ हे ‘नंतर’ त्यांना फार मानवलं. पूर्वी जनरेटर सुरू झाला की त्यांना सुटका नसे, आता त्यांच्या तोंडाला जणू कायमची सुट्टी मिळाली होती.

वहिनी मात्र भरलेल्या कुकरसारखी कारखानाभर फिरायची. मोजलेली बटणं पुन्हा मोजायची, तहान नसताना पाणी प्यायची. काहीच सुचलं नाही की ओलं फडकं घेऊन छपरावर जायची आणि पॅनेलं पुसायची. पुसता पुसता पुटपुटायची, ‘‘सांगायला हवं. कुणी सांगायचं? मीच का सांगायचं?’’ सोलारवाला तपासणीला आला तेव्हा म्हणाला, ‘‘काकू, इतकी चकचकीत पॅनेलं मी कुठे पाहिली नाहीत.’’ वहिनीला त्याचा राग आला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तिला मास्तरांविषयी आकस नव्हता. उलट तीच तर पंचाईत होती. तिला त्यांच्याबद्दल माया होती आणि भीतीही होती. एक दिवस ती कात्री कापडाऐवजी त्यांच्याच बोटांवरून जाईल, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलत नसे. आणि एका मोठ्या शाळेचा माल पुढ्यात पडला होता. तो बिघडला असता तर पुढच्या वर्षी त्यांनी दारात उभं केलं नसतं.

तो दिवस उजाडला तोच वाईट. कॉलर जोडणारीने शर्ट हातात घेऊन वहिनीला खूण केली. गळा बोटभर जास्त खोल कापला गेला होता, कॉलर पुरतच नव्हती. वहिनीने खालचा शर्ट पाहिला, त्याच्या खालचा पाहिला. सगळा थर तसाच.  टेबलापाशी मास्तर पाठमोरे उभे राहून पुढचा थर अंथरत होते, अगदी निवांत. दादा इस्त्रीपाशी उभे राहून छताकडे बघत होते. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

आणि तेवढ्यात भिंतीवरचा लाल दिवा विझला.

पुढे जे झालं ते वहिनीच्या डोक्याने केलं नाही, पायांनी केलं. इतक्या वर्षांत दिवा विझला की पाय मागच्या खोलीकडे वळायचे, तसे ते वळले. दिवा विझल्याचं पाहून तिला उलट हायसं वाटलं, की चला, आता बोलता येईल. दादांचे पायही निघालेच होते. दोघं आत शिरली, वहिनीने दार लोटलं आणि इतके दिवस कोंडलेलं सगळं पूर्वीच्याच आवाजात बाहेर पडलं.

‘‘अहो, अजून किती दिवस डोळ्यांवर कातडं ओढणार? मास्तरांचा हात गेलाय! कात्री धरली की थरथरतो! अख्खा थर वाया गेला आज!’’

‘‘मला दिसत नाही का? मला काय आंधळा समजतेस?’’ दादाही तारसप्तकात.

‘‘मग सांगा ना त्यांना! कात्री काढून घ्या त्यांच्या हातातून!’’

‘‘मी नाही सांगणार! तुला एवढी घाई आहे तर तू सांग!’’

‘‘मी का? तुमचे गुरू आहेत ते!’’

‘‘म्हणूनच! माझ्या तोंडून निघणार नाही. अगं, वय झालंय त्यांचं. आणखी वर्षभर ओढू कसंतरी. आज ना उद्या देवच नेईल त्यांना, आपल्याला सांगायची वेळच येणार नाही!’’

हे वाक्य खोलीत तसंच लटकत राहिलं. दादांना स्वतःलाच ते ऐकू आलं, आणि ऐकू आलं म्हणून ते दचकले. त्यांना स्वतःचा आवाज इतका स्पष्ट ऐकायची सवय नव्हती. वहिनीने दादांकडे पाहिलं. मग तिने पलीकडचा कानोसा घेतला. मशीनची घरघर येत नव्हती. एकही मशीन चालत नव्हती. वीज तर होती, डोक्यावर पंखा गरगरत होता.

 जनरेटर नाही हे तिला त्या क्षणी आठवलं.

दार उघडून बाहेर यायला तिला किती बळ लागलं ते तिचं तिलाच माहीत. सगळ्या बायका पायाखालचं पायडल सोडून बसल्या होत्या. कॉलरवालीचे डोळे भरले होते. काजवालीसुद्धा गप्प होती, यावरून काय ते ओळखा. आणि टोकाला, प्लायच्या भिंतीला लागून, मास्तर कात्री चालवत होते. कचक, कचक. त्यांनी मानही वर केली नाही.

काजवालीने छातीवर हात ठेवला. ‘‘नशीब,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘त्यांना ऐकू येत नाही.’’

खोलीभर सुटकेचा सुस्कारा पसरला. सगळ्यांनी आपापसांत नजरेनेच ठरवून टाकलं, की झालं ते झालं, मास्तरांच्या कानावर जायला नको. मशीन पुन्हा सुरू झाल्या. दादा काहीतरी आणायचं निमित्त करून जे बाहेर गेले ते दिवसभर फिरकलेच नाहीत.

वहिनीचा तो सगळा दिवस निखाऱ्यावर गेला. त्यांना ऐकू आलं नाही, असं ती स्वतःला बजावत होती आणि तरी सारखी त्यांच्या पाठीकडे बघत होती. पाठ नेहमीसारखीच होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा खाल्ला, हात धुतले आणि पुन्हा कामाला लागले. ती दोनदा त्यांच्या दिशेने निघाली आणि दोन्ही वेळा वाटेतून परतली. ओरडून सांगायचं म्हटलं तर सगळ्यांसमोर त्यांची अब्रू जाणार, आणि हळू सांगायचं म्हटलं तर त्यांना ऐकू येणार नाही. अशी कोंडी तिच्या शत्रूलाही नको.

संध्याकाळी बायका गेल्या. मास्तर रोजच्यासारखे मागे राहून कात्रीला तेल देत होते. उन्हाचा तिरपा पट्टा टेबलावर आला होता. वहिनी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. त्यांना ऐकू येणार नाही या भरवशावर, छपरावर पॅनेलांशी बोलायची तसं, ती अगदी हळू बोलली.

‘‘मास्तर, मी काय करू तुम्हीच सांगा.’’

‘‘सांगून टाका, वहिनी,’’ मास्तर म्हणाले. कात्रीवरचं फडकं थांबलं नव्हतं. ‘‘उगाच किती दिवस जिवाला घोर लावून घेणार?’’

वहिनीने टेबलाची कड धरली. 

‘‘तुम्हाला... ऐकू येतं?’’

‘‘येतं की. कानांना काय धाड भरली आहे?’’ आता ते वळले. ‘‘बसा. पडाल.’’

ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

‘‘तुम्ही नव्या होतात,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तुमचं पहिलं मूल गेलं होतं आणि चार दिवसांत दादा तुम्हाला इथे कामाला घेऊन आला. त्या दिवशी जनरेटर चालू असताना तुम्ही आतमध्ये रडलात. मी माणूस आहे की मशीन, असं विचारलंत त्याला. तिकडे बायकांना काही ऐकू गेलं नाही. पण माझं टेबल भिंतीला. जनरेटरच्या वर आवाज काढून बोलायचं म्हणजे तो आवाज प्लायमधून सरळ माझ्याकडे येतो. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्याकडे असं बघितलंत, की मला काही सुचेना. मी कानाला हात लावला आणि म्हटलं, काय म्हणालात? आजकाल कमी ऐकू येतं.’’

वहिनीला तो हात आठवला. कानामागे धरलेला हात. त्या दिवशी ते पाहून तिला केवढा धीर आला होता.

‘‘तेव्हापासून?’’

‘‘मग काय करता? एकदा बहिरा झालो, मग मधेच कसा बरा होणार? आणि तुम्हाला दोघांना दुसरी जागा कुठे होती?’’ ते किंचित हसले. ‘‘सगळं ऐकलंय मी. नणंदेचं, कॉलेजचं, सगळं. माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही. हाताचंही आधीच ऐकलं असतं, पण तुम्ही तो जनरेटर काढून टाकलात, मग ते बोलणं पिकायला एवढे दिवस लागले.’’

वहिनीला रडू आवरेना. ‘‘सकाळी जे बोलले ते... ह्यांच्या मनात तसं नाही हो.’’

‘‘आहे,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तुमचं मला वाईट वाटलं नाही. तुम्ही कापडाचं बोलत होतात, खरं बोलत होतात. त्याचं लागलं. मी मरायची वाट बघणं त्याला सोपं वाटतं, मला दोन शब्द सांगण्यापेक्षा.’’ त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. ‘‘पण तेही गिळलं असतं. आजवर असलं सगळं मला एकट्यालाच कळायचं. आज ते सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळ्यांसमोर मला पुन्हा बहिरं व्हावं लागलं. कात्री चालवत बसलो. आता ते होत नाही, वहिनी. या वयात हाताचं आणि कानांचं, अशी दोन दोन सोंगं जमत नाहीत.’’

वहिनी डोळे पुसत म्हणाली, ‘‘मग मी उद्या...’’

‘‘उद्या सगळ्यांसमोर. आणि ओरडू नका. मला ओरडून बोललेलं आवडत नाही, कधीच आवडलं नाही.’’

दुसऱ्या दिवशी वहिनी सकाळपासून दारापाशी उभी होती. दादा आले, तिच्याकडे न बघता आत निघाले. तिने त्यांचं मनगट धरून त्यांना शेजारी उभं केलं. बायका जागेवर बसल्या. छपरावर ऊन आलं होतं, पंखे सुरू झाले, मशीन अजून सुरू व्हायच्या होत्या. मास्तर टोकाला पाठमोरे होते, हातात कात्री होती आणि समोर कापडाचा नवा थर होता. वहिनीचे पाय मागच्या खोलीकडे ओढ घेत होते. तिने ते जमिनीला रोवून ठेवले.

‘‘मास्तर,’’ ती म्हणाली. घरात सासूबाईंना चहा विचारावा तेवढ्याच आवाजात. ‘‘तुमचा हात थरथरतो. आजपासून कात्री खाली ठेवा. पण तुम्ही जाऊ नका. तुमच्याशिवाय आम्हाला जमणार नाही.’’

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काजवाली कुजबुजली, ‘‘अहो वहिनी, मोठ्याने बोला. एवढ्या लांबून त्यांना कसं ऐकू जाणार?’’

‘‘आलं ऐकू,’’ मास्तर तिकडून म्हणाले.

काजवालीच्या हातातला बटणांचा डबा कलंडला. बटणं फरशीवर टणटण करत सगळीकडे पळाली, आणि त्या शांततेत एकूण एक बटण ऐकू आलं. दादांनी मान खाली घातली होती. वहिनीने अजून त्यांचं मनगट सोडलं नव्हतं.

मास्तर वळले. त्यांनी दादांकडे पाहिलं, बराच वेळ.

‘‘तुझं काय म्हणणं आहे, दादा?’’ त्यांनी विचारलं. ‘‘सावकाश सांग. आता मला सगळं ऐकू येतं.’’

  दादा चालत चालत त्या लांब खोलीच्या टोकापर्यंत गेले आणि मास्तरांच्या हातातली कात्री त्यांनी आपल्या दोन्ही हातांनी घेतली.

‘‘चुकलो,’’ ते म्हणाले, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.